खरी थाप

मराठीत 'थाप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ढोलकीवर, तबल्यावर, डफावर पडते ती थाप; आणि मित्राला मारतात तीही थापच. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन अर्थांच्या मधोमध येतो. संगणकात साठवलेल्या ड्रमच्या आवाजांपासून घरबसल्या असा ठेका रचायचा, की ऐकणाऱ्याला वाटावे, कोणी दणकट गडी घाम गाळत ड्रमसेटमागे बसला आहे. हेवी मेटल संगीतात गेली वीस-पंचवीस वर्षे हे सर्रास चालते. एक तरुण, एक गिटार, एक संगणक आणि न दिसणारा, न जेवणारा, न थकणारा ड्रमवादक.

मी संगीतशास्त्राचा पदवीधर नाही. सांगलीत वाढलो, सरकारी नोकरी केली, आणि त्या जोडीने जुन्या ध्वनियंत्रांची माहिती जमवण्याचा नाद लागला तो कायमचा. मेटलच्या गोंगाटाशी माझ्या पिढीचे फारसे सख्य नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही या विषयाकडे वळलो, कारण 'यंत्राने माणसासारखे वाजवावे' ही मागणी जितक्या हट्टाने या संगीतात झाली, तितकी क्वचितच कुठे झाली असेल. आणि ती का झाली, हे शोधू लागलो तेव्हा उलटीच गोष्ट हाती लागली. यंत्राला माणूस बनवण्याची खटपट चालू होती, नेमक्या त्याच काळात मेटलचा ड्रमवादक यंत्रासारखा वाजवण्याची खटपट करत होता. आज ज्याला आपण 'अगदी खरे वाटते' म्हणतो, ते या दोघांच्या वाटेतल्या भेटीत ठरले आहे.

झांजेविना ड्रम

१९५९ साली वुर्लिट्झर या अमेरिकी कंपनीने 'साइडमन' नावाचे यंत्र विकायला काढले. साइडमन म्हणजे साथीदार. लाकडी कपाटासारखा खोका, आत मोटरने फिरणारे चक्र, त्यावरच्या संपर्कबिंदूंनी चालू-बंद होणारी मंडले, आणि निर्वात नळ्यांतून निघणारे टकटक-फसफस आवाज. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट असे बारा ठरीव ठेके. ऑर्गन वाजवणाऱ्या एकट्या माणसाला सोबत व्हावी, एवढाच हेतू. हे ऐकून कोणी ड्रमवादक बसला आहे असे समजेल, अशी अपेक्षा बनवणाऱ्यांनीही केली नसावी. आपल्याकडे रियाजासाठी घराघरांत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक तबल्याची जात हीच. त्यावर त्रिताल लावून गाणारी मुलगी त्याला कधी 'उस्ताद' म्हणत नाही.

चित्र बदलले ते १९८० मध्ये. रॉजर लिन या कॅलिफोर्नियातल्या गिटारवादकाने 'एलएम-१' हे यंत्र आणले. यात प्रथमच खऱ्या ड्रमवरचे आघात ध्वनिमुद्रित करून, त्यांचे अंकांत रूपांतर करून चिपमध्ये साठवले होते. कळ दाबली की साठवलेला तो आघात वाजायचा. किंमत सुमारे पाच हजार डॉलर; जेमतेम पाचशे यंत्रे बनली. पण त्या काळच्या पॉप संगीताचा कान त्यांनी बदलून टाकला. लिनला वाहवा मिळाली आणि ती योग्यच होती. मात्र त्या यंत्रात जे आघात साठवले होते, ते लॉस एंजेलिसमधल्या आर्ट वूड या स्टुडिओ-वादकाच्या हातचे होते. हे नाव लक्षात असू द्यावे. पुढे त्याचे काम आहे.

एलएम-१ मध्ये एक मोठी उणीव होती. त्यात मोठी झांज नव्हती. ड्रमवादक तुकड्याच्या समेवर जी धाडकन वाजवतो, ती 'क्रॅश' नव्हती, आणि जिच्यावर लय चालू ठेवतो ती 'राइड'ही नव्हती. कारण साधे होते. ढोलाचा आवाज क्षणात विरतो, झांज कित्येक सेकंद घुमत राहते. सेकंदाला सुमारे २८ हजार नोंदी या दराने पाच सेकंदांच्या झांजेला जवळपास १ लाख ४० हजार नोंदी लागतात. तेव्हाच्या महाग आणि इवल्याशा स्मृती-चिपांत ती मावणे परवडण्यासारखे नव्हते. १९८२ च्या 'लिनड्रम' या पुढच्या यंत्रात झांजा आल्या. ड्रमच्या 'खरेपणा'चा इतिहास असा बराचसा साठवणुकीच्या जागेचा इतिहास आहे. २०१७ मध्ये आलेल्या 'सुपीरियर ड्रमर ३' या संगणकीय ड्रमसंचाचे ध्वनी सुमारे २३० गिगाबाइट जागा व्यापतात. एलएम-१ मध्ये एक झांज मावत नव्हती. इथे एकेका झांजेचे शेकडो आघात, अनेक मायक्रोफोनांतून टिपलेले, पडून आहेत.

वादकांना धोक्याची चाहूल लगेच लागली. १९८२ मध्ये ब्रिटनच्या वादक-संघाच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रमयंत्रांच्या वापराविरुद्ध ठराव केला. संघाचे ते अधिकृत धोरण कधी झाले नाही, आणि ठरावावर हसणाऱ्यांची संख्या मोठी होती. पण ती भीती पोकळ नव्हती. हे आपल्याच मुंबईने पुढे दाखवून दिले.

मुंबईचा दाखला

त्याच १९८२ मध्ये हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या 'टीआर-८०८' या ड्रमयंत्राच्या ठेक्यावर दहा राग बसवून एक तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरच्या नृत्यसंगीताच्या अभ्यासकांनी तोंडात बोटे घातली. सिंग यांनी यंत्राला यंत्रासारखेच वाजू दिले होते. त्यात लपवाछपवी नव्हती.

१९८५ मध्ये रोलँडचेच 'ऑक्टापॅड' आले. आठ रबरी चौकोन, त्यांवर काठीने मारायचे. आमच्याकडे त्याचे 'ऑक्टोपॅड' झाले आणि ऑर्केस्ट्रा, लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, मुंबईची बँजो पार्टी असे सगळीकडे ते गेले. इथे आवाज यंत्राचा, पण हात माणसाचा. म्हणूनच ऑक्टोपॅड वाजवणारा कलाकार म्हणून ओळखला गेला, त्याला बिदागी मिळत राहिली.

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात मात्र वेगळे घडले. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओ-वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात नव्वदच्या दशकात मोठे वाद्यवृंद कसे विरत गेले, याची हकिकत येते. एका दालनात एका वेळी वाजवणारे डझनावारी वादक गेले; एकेक वाद्य सुटे मुद्रित होऊ लागले, आणि तालाचा मोठा भाग यंत्रात आधीच रचला जाऊ लागला. ध्वनिमुद्रण सोपे आणि स्वस्त झाले, आणि अनेक घरांतली चूल मंदावली. तेव्हा 'खरे वाटणारे यंत्र' हा केवळ तंत्रज्ञानाचा विषय नाही. ज्याच्यासारखे ते वाटते, त्याच्या पोटाचाही तो विषय आहे.

बर्मिंगहॅमचे दोन हात

आता मेटलकडे वळू. या संगीताचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. ब्लॅक सबाथ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये आली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांवर टोप्या बसवल्या आणि वाजवणे चालू ठेवले. मेटलमध्ये शरीर आणि यंत्र यांची झटापट पहिल्या दिवसापासून आहे, ती अशी.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हे संगीत वेगवान होत गेले. त्याच शहराच्या परिसरातल्या नेपाम डेथच्या 'स्कम' (१९८७) या तबकडीवर मिक हॅरिसने जे वाजवले, त्याला 'ब्लास्ट बीट' म्हणतात: हात-पाय इतक्या जलद आलटूनपालटून पडतात, की ठेक्याची जणू सलग भिंत उभी राहते. त्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर गिटार वाजवणारा जस्टिन ब्रॉडरिक त्यानंतर दुसऱ्या एका वाद्यवृंदात ड्रमवादक झाला. आणि मग त्याने 'गॉडफ्लेश' काढला, ज्यात ड्रमवादकच नव्हता. 'स्ट्रीटक्लीनर' (१९८९) ही त्यांची तबकडी ऐकावी. गिटार, बास आणि ड्रमयंत्र. ठोके मंद, जड, एकसारखे, पत्रा दाबणाऱ्या यंत्रासारखे. ड्रम वाजवता येणाऱ्या माणसाने जाणूनबुजून यंत्र निवडले, आणि ते यंत्र म्हणूनच ऐकू यावे याची काळजी घेतली.

अमेरिकेत स्टीव्ह अल्बिनीच्या 'बिग ब्लॅक'ने याच दशकात आपल्या ड्रमयंत्राला 'रोलँड' या नावाने श्रेयनामावलीत बसवले. 'डेफ लेपर्ड'ची कथा निराळी आणि हृद्य आहे. त्यांचा ड्रमवादक रिक ॲलन याचा डावा हात १९८४ च्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात गेला. सोबत्यांनी त्याची जागा भरली नाही. त्याच्यासाठी पायाने चालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जोडली गेली, आणि १९८७ च्या 'हिस्टेरिया' तबकडीवरचा ताल साठवलेल्या आघातांतून संगणकावर रचला गेला. तिथे यंत्राने माणसाला हाकलले नाही, त्याला धरून ठेवले.

एकूण काय, ऐंशीच्या दशकातल्या जड संगीतात ड्रमयंत्राला माणसाचे सोंग आणावे लागत नव्हते. ते उघड होते.

माणूस यंत्राकडे

नव्वदच्या दशकात उलटा प्रवास सुरू झाला. वेग वाढला तसे ड्रमवादकाचे आघात ध्वनिमुद्रणात पुसट होऊ लागले. मिनिटाला २०० च्या लयीत दोन्ही पायांनी बास ड्रमवर चौगुन वाजवली, तर सेकंदाला तेरा-चौदा आघात होतात. दोन आघातांत ७५ मिलिसेकंदांचे अंतर. एवढ्या वेगात पायात जोर कुठून येणार? आणि वर गिटारची भिंत. मग ड्रमला 'ट्रिगर' लावले गेले. हा एक छोटा संवेदक. आघात झाला की तो विजेचा इशारा धाडतो आणि शेजारच्या पेटीतून आधी साठवलेला, दणकट, एकसारखा ठोका वाजतो. हलका पडो की जोरात, आवाज तोच. 'फिअर फॅक्टरी'च्या 'डीमॅन्युफॅक्चर' (१९९५) या तबकडीवर रेमंड हेरेराचे पाय आणि गिटार असे काही एकजीव झाले आहेत, की वाजवणारा माणूस आहे हे मुद्दाम आठवावे लागते. तबकडीचा विषयही माणूस विरुद्ध यंत्र हाच.

पाठोपाठ संगणकावरचे संपादन आले. वादकाचा ठोका काटेकोर मात्रेवरून जरा सरकला, तर तो उचलून जागेवर बसवायचा. हलका पडला तर त्यावर साठवलेला ठोका चढवायचा. शेकडो तबकड्या अशा झाल्या. श्रोत्याच्या कानाला त्याची सवय लागली आणि त्यालाच तो 'चांगला ड्रम' म्हणू लागला. याचा परिणाम फार दूरवर गेला. मूळ वादनच इतके घासूनपुसून एकसारखे झाल्यावर, त्याची नक्कल करणे यंत्राला कितीतरी सोपे झाले. यंत्राने निम्मी वाट चालायची होती. उरलेली निम्मी माणूस चालून आला.

उमेओ, २००५

ही भेट झाली स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमेओ या गावात. 'मेशुगा' हा वाद्यवृंद तिथला, १९८७ मध्ये सुरू झालेला. त्यांचा ताल आपल्या वाचकांना समजावणे सोपे आहे. ड्रमवादकाचा उजवा हात झांजेवर सरळ चार-चारची चाल धरतो, लेहऱ्यासारखा. त्याखाली पाय आणि गिटार विषम लांबीचे बोल पुन:पुन्हा वाजवत जातात. ते मात्रांच्या चौकटीवरून घसरत घसरत ठरल्या जागी पुन्हा समेवर येतात. तबल्यातल्या गणिताची ज्यांना गोडी आहे, त्यांना गोंगाटाचा पडदा सारला की हे ओळखीचे वाटेल.

उमेओमध्येच टूनट्रॅक ही संगणकीय ड्रम बनवणारी कंपनी उभी राहिली. मेशुगाचा ड्रमवादक टोमास हाके याने वाजवलेले आघात टिपून तिने 'ड्रमकिट फ्रॉम हेल' नावाचा ध्वनिसंच काढला. आणि मे २००५ मध्ये मेशुगाने 'कॅच थर्टीथ्री' ही तबकडी प्रसिद्ध केली: १३ भागांत विभागलेली, ४७ मिनिटांची एकच सलग रचना. तिच्यातले ड्रम त्याच संचातून संगणकावर रचलेले होते. जगातल्या अव्वल मेटल ड्रमवादकांत ज्याची गणना होते, त्याच्याच तबकडीवर तो प्रत्यक्ष बसलेला नव्हता. होते ते त्याचे साठवलेले हात, आणि ते कुठे पडावेत हे ठरवणाऱ्यांत तो स्वतः होता.

ही तबकडी म्हणजे मैलाचा दगड आहे असे मी मानतो, ते तंत्राच्या कौतुकापोटी नव्हे. आर्ट वूडचे आघात विकले गेले तेव्हा त्यांचे काय होणार, यावर त्याचा ताबा नव्हता. हाकेने आपली थाप यंत्रात भरली आणि यंत्र हाती धरून तिच्याकडून काम करवून घेतले. पुढच्या 'ऑबझेन' (२००८) या तबकडीवर तो पुन्हा ड्रममागे बसला, आणि 'ब्लीड' या रचनेतले त्याचे पायकाम आज जगभरचे विद्यार्थी घोटतात. शिवाय 'कॅच थर्टीथ्री'तले काही भाग मेशुगा रंगमंचावर वाजवतात. संगणकावर रचलेला ठेका हाके तिथे हातापायांनी वाजवतो, आणि तो वाजतो.

या संचाने एकट्या माणसाचे दार उघडले. २००७ मध्ये कॅनडाच्या डेव्हिन टाउनसेंडने 'झिल्टॉइड द ऑम्निशियंट' ही अख्खी तबकडी या ड्रमांवर एकट्याने उभी केली. २००९ मध्ये तोसिन अबासीच्या 'ॲनिमल्स ॲज लीडर्स'ची पहिली तबकडी आली, तिचेही ड्रम रचलेलेच. २००६ मध्ये टूनट्रॅकने 'ईझीड्रमर' हा सुटसुटीत संच काढल्यावर ज्याला ड्रममधले काही कळत नाही, असा गिटारवादकही घरी गाणे करू लागला.

तिसरा हात

पुण्यात सदनिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला विचारले, "मामा, कुठले ड्रम घेऊ? खरे वाटले पाहिजेत." तिसऱ्या मजल्यावर ड्रमसेट ठेवला तर सोसायटी दुसऱ्या दिवशी बैठक बोलावील, त्यामुळे त्याच्यापुढे हाच मार्ग होता. मी त्याला कंपन्यांची नावे सांगितली नाहीत. काय तपासायचे ते सांगितले, आणि तेच इथे मांडतो.

पहिली तपासणी थरांची. आघाताची ताकद संगणकात १ ते १२७ या आकड्यांत लिहितात. हलका ठोका म्हणजे जोरदार ठोक्याचा नुसता आवाज कमी केलेला नव्हे. चामड्याचा, लाकडाचा, धातूचा स्वर ताकदीनुसार पालटतो. म्हणून चांगल्या संचात प्रत्येक ड्रमचे हलक्यापासून जोरदारपर्यंत अनेक थर वेगवेगळे मुद्रित केलेले असतात, आणि एकाच ताकदीचेही अनेक नमुने असतात, जे आळीपाळीने वाजतात. तसे नसेल, तर जलद ठोक्यांत तोच तो नमुना पुन:पुन्हा वाजून मशीनगनचा भास होतो. उजव्या आणि डाव्या हाताचे आघात निराळे दिले असतील तर सोन्याहून पिवळे.

दुसरी तपासणी सांडणाऱ्या आवाजाची. खऱ्या खोलीत एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनात सांडतो. टॉमवर मारले की शेजारच्या स्नेअरच्या खालच्या तारा कुरकुरतात. हा कचरा काढून टाकलेला संच स्वच्छ वाटतो, आणि सुटा-सुटाही वाटतो.

तिसरी तपासणी संस्काराची. काही संच नावाजलेल्या ध्वनितंत्रज्ञांनी आधीच घडवून दिलेले असतात. ते गिटारच्या भिंतीत पहिल्याच दिवशी फिट बसतात. पण त्याच संचावर काम करणाऱ्या शंभर जणांची गाणी भावंडांसारखी दिसू लागतात. कच्चे आवाज देणारा संच कष्ट मागतो आणि स्वतःचा चेहरा मिळवून देतो. शिकणाऱ्याने पहिल्यापासून सुरुवात करावी, दुसऱ्याकडे जावे.

पण संच कितीही महाग घेतला, तरी रचनाकाराने माणसाला तीन हात दिले तर सोंग उघडे पडते. एका हाताने हायहॅटवर चाल चालू, दोन्ही हातांनी टॉमवर तुकडा, आणि त्याच क्षणी क्रॅशवर दणका: असा माणूस जन्माला यायचा आहे. मेटलमध्ये आणखी एक खाच आहे. डावा पाय बास ड्रमच्या दुसऱ्या पेडलवर गेला, की हायहॅटचे पेडल मोकळे पडते. मग हायहॅट पायाने उघडझाप करणे शक्य नाही. वादक एक तर ती खटक्याने बंद करून ठेवतो किंवा उजवीकडे कायम मिटलेली दुसरी हायहॅट बसवतो. हे ज्याला ठाऊक नाही, तो पायांची चौगुन आणि हायहॅटची उघडझाप एकदम लिहून मोकळा होतो. सामान्य श्रोत्याला चूक सांगता येणार नाही, पण त्याला काहीतरी खटकते. तसेच सगळे आकडे १२७ वर ठेवण्याचा मोह. २०० च्या चौगुनीत पाय इतका उचलताच येत नाही. वेग वाढला की ताकद उतरते, आणि डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मागे राहतो.

ढिलाईचीही स्मृती असते

इथे एक आक्षेप येईल. संगणकात 'मानवी करा' अशी कळ असते. ती दाबली की ठोके थोडे मागेपुढे होतात. मग प्रश्न काय उरला?

प्रश्न असा, की माणूस तसा चुकत नाही. जर्मनीतल्या गॉटिंगेन येथील होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणसाच्या वादनात मात्रेपासून होणारे सूक्ष्म ढळणे त्यांनी मोजले. ते फासे टाकल्यासारखे, एकमेकांशी संबंध नसलेले निघाले नाही. आत्ताच्या ढळण्यावर बऱ्याच आधीच्या ढळण्यांची छाया असते. आणि ऐकवून पाहिले, तेव्हा श्रोत्यांचा कल नुसत्या विस्कळीत केलेल्या ठेक्यापेक्षा अशी स्मृती असलेल्या ठेक्याकडे दिसला. २०१५ मध्ये याच नियतकालिकात आलेल्या आणखी एका निबंधात अमेरिकी ड्रमवादक जेफ पोर्कारो याने १९८२ च्या एका गाण्यात वाजवलेली हायहॅट तपासली गेली. तिथेही वेळेत आणि ताकदीत अशाच लांबवर पसरलेल्या लाटा सापडल्या.

साथ करणाऱ्या कोणालाही हे नवे वाटणार नाही. गायक जरा रेंगाळला की तबलजी रेंगाळतो, आणि पुढच्या दोन आवर्तनांत हळूहळू सावरून घेतो. एका क्षणाची ढिलाई दुसऱ्या क्षणाला ठाऊक असते. फासे टाकणाऱ्या कळीला ती ठाऊक नसते. म्हणून भाच्याला मी सांगितले, ती कळ विसर. संचाबरोबर खऱ्या ड्रमवादकांनी वाजवून दिलेले ठेके येतात, ते उघडून त्यांचे आकडे वाच. समेचा ठोका कुठे जड आहे, तुकडा वाजवताना लय कुठे पुढे धावते, ते पाहा. किंवा टेबलावर बोटांनी वाजवून तेच आत घे. चूकही कोणाच्या तरी हातची असली पाहिजे.

हात कोणाचा

सगळ्या साधनांच्या मुळाशी शेवटी कोणीतरी वाजवलेले असते. २३० गिगाबाइटमधला प्रत्येक आघात कोण्या एका माणसाने स्टुडिओत बसून, एकेका ड्रमवर, हलक्यापासून जोरापर्यंत, शेकडो वेळा मारलेला असतो. संगीत म्हणून ते वाजवणे नव्हे. ती मजुरी आहे, आणि तिच्याविना पुढचे काहीच उभे राहत नाही. आर्ट वूडचे हात कित्येक गाजलेल्या गाण्यांत वाजले, आणि ती गाणी गुणगुणणाऱ्यांना त्याचे नाव माहीत नाही. मुंबईच्या स्टुडिओ-वादकांची नावे तबकड्यांवर छापली गेली नाहीत, हीही तशीच जुनी जखम आहे. म्हणून घरी गाणे करणाऱ्यांनी श्रेयनामावलीत 'ड्रम: संगणक' असे लिहून थांबू नये. ज्याच्या आघातांवर गाणे उभे आहे, त्या वादकाचे नाव संचाच्या माहितीत बहुधा दिलेले असते. ते लिहायला एक ओळ लागते.

खरेपणाची कसोटी म्हणाल, तर मी ती उमेओकडूनच घेतो. रचलेला ठेका ऐकून 'हा माणूसच' असे वाटणे ही कसोटी कच्ची आहे. कान फसतात आणि दर पाच वर्षांनी कानांची सवय बदलते. पक्की कसोटी अशी, की तो ठेका उद्या एखाद्या ड्रमवादकापुढे ठेवला तर त्याला तो वाजवता यावा, आणि वाजवावासा वाटावा. स्कॉट हलच्या 'ॲगोराफोबिक नोजब्लीड'ने २००३ मध्ये १०० गाणी एका तीन इंची तबकडीत बसवली, ती माणसाच्या आवाक्याबाहेरच्या ड्रमयंत्राच्या वेगावर; ब्रॉडरिकनेही यंत्र उघडपणे वापरले. ते दोघेही आपल्या जागी चोख आहेत, कारण त्यांनी माणसाचे सोंग घेतले नाही. ज्याला सोंग घ्यायचे आहे, त्याने मात्र माणसाची मर्यादाही घ्यावी: दोन हात, दोन पाय, दमणारा श्वास आणि मागच्या ठोक्याची आठवण. एवढे पाळले तर ठेका कागदावरच्या स्वरलिपीसारखा होतो, वादकासाठी लिहून ठेवलेला. त्याची खुर्ची मग कोणी बळकावलेली नसते, तो येईपर्यंत राखून ठेवलेली असते.